एका सुरीला दोन म्यानं

"काय मेव्हणे, सुरी एक आणि म्यानं दोन?"

दाजींनी माझी पिशवी उघडी बघितली आणि विचारलं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे त्यांनीही ऐकलेलं. उलटा प्रकार करणारा माणूस घरातच निघेल असं त्यांना वाटलं नसावं. तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण पुढे त्यांच्याबरोबर येणाऱ्या दोघा-तिघांनी वेगवेगळ्या वेळी हाच विषय काढला. शिकारीच्या सुरीला चामड्याचं म्यान बरं की सिंथेटिक? दर वेळी तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी माझी जागा सांगतो. शिकार दाजी करतात. परवाना त्यांचा, रायफल त्यांची, पहाटेपासून झाडाच्या खोडासारखं निश्चल बसायची तपश्चर्याही त्यांचीच. माझा नेम असा आहे की कोणी माझ्या हातात बंदूक देत नाही. माझं काम जनावर पडल्यावर सुरू होतं. पोट उघडायचं, कोथळा बाहेर काढायचा, कातडं सोलायचं, सांधे सुटे करायचे. म्हणजे सुरीचा सगळा कारभार माझ्याकडे. पातं चार इंचांचं, पाठ टोकाकडे किंचित उतरलेली, पोलाद १०९५. या आकड्यातच त्याची कुंडली आहे: पहिले दोन आकडे साध्या कार्बन पोलादाचे, पुढचे दोन म्हणजे साधारण ०.९५ टक्के कार्बन. स्टेनलेसमध्ये असतं तसं क्रोमियम नाही. त्यामुळे धार सुरेख बसते, दगडावर पाच मिनिटांत परत येते, आणि ओल दिसली की पोलाद गंजायला बसलेलंच असतं.

दुसरं, मला चामडं शिवायचा नाद आहे. तिसरं, मी डावखुरा आहे. दोन्ही गोष्टी पुढे कामाला येतील.

या सुरीचं पहिलं म्यान मीच शिवलं. साडेतीन मिलिमीटर जाडीचं, झाडाच्या सालीतल्या टॅनिननं कमावलेलं चामडं घेतलं. चामडं क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असेल तर त्यात सुरी ठेवू नये. पर्सला, जाकिटाला ते छान. पण त्यातले उरलेसुरले क्षार आणि आम्ल पोलादाला खातात, शिवाय ते मऊ असतं, आकार धरत नाही. सालीचं चामडं कोमट पाण्यात भिजवलं की मातीसारखं वळतं. सुरी प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून आत घालायची, बोटांनी आणि हाडाच्या गुळगुळीत तुकड्यानं मुठीभोवती दाबत बसायचं, आणि सावलीत वाळू द्यायचं. दुसऱ्या दिवशी सुरी आत सरकवली तर शेवटच्या अर्ध्या इंचाला हाताला एक हलकी ओढ लागते आणि मूठ जागेवर बसते. ती ओढ लागली त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येकाला बोलावून दाखवली होती. कोणाला काही फारसं वाटलं नाही.

मग त्या म्यानाची पहिली रात्र आली.

हरीण पडलं तेव्हा सूर्य मावळला होता. कपाळावर हेडलॅम्प, हात कोपरापर्यंत भरलेले, बोटं गारठून बधिर. सोलताना दर चार मिनिटांनी दोन्ही हात मोकळे लागतात: पाय उचलून धरायचा, जनावर कुशीवर वळवायचं, कातडं मुठीत घेऊन ओढायचं. अशा वेळी सुरी कुठे ठेवणार? गवतात ठेवली की हरवली, आणि अंधारात हाताला सापडली तर पात्याच्या बाजूनंच सापडते. म्हणून विजारीवर एकदा इकडून, एकदा तिकडून पुसायची आणि म्यानात घालायची. त्या रात्री असं सात-आठ वेळा झालं असेल. पुसली म्हणजे काय, चरबीचा थर तसाच राहतो, केस चिकटलेले असतात. मध्यरात्री घरी आलो, सुरी गार पाण्यानं धुतली (गरम पाण्यानं रक्त थिजून चिकटतं), कोरडी केली, तेलाचा हात फिरवला आणि मोठ्या कौतुकानं त्याच म्यानात ठेवून झोपलो. सुरी आंघोळ करून मळक्याच कपड्यात शिरली, हे लक्षातच आलं नाही.

आठ दिवसांनी उपसली तेव्हा आतून काहीतरी चिकट सुटल्यासारखा आवाज आला. पात्याच्या एका अंगावर तांबूस तपकिरी डाग होता, अंगठ्याएवढा, कडा नकाशासारख्या वेड्यावाकड्या. बारीक स्टीलवूलनं घासला. तांबूसपणा गेला, खाली काळे ठिपके राहिले, सुईनं टोचल्यासारखे. त्यातले दोन ऐन धारेवर. नखावरून धार ओढली तर तिथे अडखळत होती. म्यानात काडीला कापूस गुंडाळून फिरवला तर बाहेर काळपट लगदा आला आणि त्यात हरणाचे दोन केस. वास मेलेल्या उंदराचा.

चामडं म्हणजे तंतूंची दाट गादी. ती पाणी पिते आणि सावकाश सोडते, त्यामुळे आत गेलेल्या पात्याला चोवीस तास ओलं फडकं गुंडाळल्यासारखं होतं. त्यात रक्तात मीठ असतं, शेकडा एकाच्या थोडं खाली. मीठ, ओल आणि टॅनिनचं सौम्य आम्ल, गंजाला आणखी काय हवं? स्टेनलेसवाल्यांनीही फार हसू नये. स्टेनलेसवरचा क्रोमियमचा पापुद्रा मिठातल्या क्लोराइडमुळेच ठिकठिकाणी फुटतो. डाग उशिरा पडतात, इतकंच.

आणि चामड्याचं म्यान धुता येत नाही. म्हणजे धुता येतं, पण शिवणीत आणि पदरांच्या मध्ये गेलेली घाण निघत नाही. गरम पाणी घातलं तर आकसतं. वाळायला दोन-तीन दिवस सावली लागते. घाई करून शेगडीजवळ ठेवलं तर लाकडासारखं कडक होऊन चिरतं. मऊ करायला म्हणून लोक तेलात बुडवतात, तेही वाईट. तेलानं चामडं ढिलं पडतं, सुरी आत हलायला लागते, आणि पडलात तर टोक म्यानाच्या भिंतीतून बाहेर येतं. मी फक्त बाहेरून मेण चोळतो, तेही वर्षातून एकदा-दोनदा.

या प्रकारानंतर माझं मत बनलं ते आजही तेच आहे. म्यान घेताना सुरी बाहेर कशी येते हे सगळे बघतात. झटक्यात उपसता येते का, दिसायला कशी, बटण कुठे. आत कशी जाते, कुठल्या अवस्थेत जाते, हे कोणी विचारत नाही. मानेवर सुरी रोखून उभं असलेलं अस्वल अजून तरी मला भेटलेलं नाही; घाईनं सुरी उपसायची वेळ माझ्यावर कधीच आली नाही. अंधारात, बधिर बोटांनी, ओली सुरी न बघता आत घालायची वेळ मात्र प्रत्येक खेपेला येते.

मधल्या काळात नायलॉन करून बघितलं. सुरीबरोबर फुकट मिळालेलं म्यान होतं. कंपनीचं नाव घेत नाही. जाड नायलॉनची पिशवी, आत पातळ प्लास्टिकची पट्टी, तोंडाशी वेल्क्रो. वेल्क्रोत गवताचं बी आणि केस अडकून दोन खेपांत त्याची पकड गेली, आणि जेव्हा होती तेव्हा उघडताना असा चर्रकन आवाज यायचा की दाजी मागे वळून बघायचे. पाणी नायलॉनही धरतंच. एकदा उतारावर घसरून बसलो तेव्हा आतली पट्टी सरकलेली होती. टोकानं खालची शिवण कापली, विजार कापली, मग मांडी. दोन टाके पडले. नायलॉनबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे.

सिंथेटिक म्हणजे खरं तर कायडेक्स, किंवा त्याच्या जातीचं कुठलंही कडक प्लास्टिक. कायडेक्स हे ॲक्रिलिक आणि पीव्हीसी यांचं मिश्रण. रोम अँड हास या कंपनीनं १९६५ मध्ये ते आणलं ते विमानाच्या आतल्या भागांसाठी. सुरीवाल्यांच्या हाती ते नंतर लागलं. पत्र्यासारखं सपाट मिळतं. दोन मिलिमीटरचं मी वापरतो. साधारण १७० अंश सेल्सियसला तापवलं की ते ओल्या चामड्यासारखं लुळं पडतं. मग सुरीवर टाकायचं, फोम लावलेल्या दोन फळ्यांमध्ये शिकंजे आवळून दाबायचं, आणि पाच-सहा मिनिटं हात लावायचा नाही. थंड झालं की सुरीचा ठसा कायमचा. चुकलं तर परत तापवा, परत दाबा. चामड्यात एकदा भोक चुकलं की चुकलं. हा पदार्थ फार क्षमाशील आहे. फक्त जास्त तापवू नका. करपलं तर पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, घसा धरतो. त्यासाठी जुना टोस्टर ओव्हन वेगळा ठेवा, खिडकी उघडी ठेवा.

माझा पहिला प्रयत्न बघण्यासारखा होता. दाबण्याआधी पात्यावर मास्किंग टेपचे दोन थर लावायचे असतात, म्हणजे आत केसभर मोकळी जागा राहते. मी विसरलो. म्यान सुरीला असं चिकटून बसलं की एका हातात म्यान, एका हातात मूठ धरून ओढताना सुटली तर कोणाच्या अंगावर जाईल या भीतीनं मी रिकाम्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. शेवटी हीट गनची ऊब देऊन सोडवली. दुसरं म्यान नीट झालं. तोंडाशी मुठीच्या खाचेत बसणारी एक छोटी कड ठेवली. सुरी आत सारली की टक असा आवाज येतो. तो आवाज म्हणजे पावती. अंधारात, बोटांना काही कळत नसलं तरी कानाला कळतं की सुरी बसली. उपसताना अंगठ्यानं म्यानाची कड ढकलायची की ती सुटते. खाली एक भोक ठेवलंय, पाणी निथळून जायला. घरी आलो की नळाखाली धरायचं, साबण, बाटलीचा ब्रश, झटकायचं, झालं. दहा मिनिटांत कोरडं.

डावखुऱ्यांसाठी तर हे वरदान. चामड्याची तयार म्यानं बहुतेक उजव्या कमरेसाठीच शिवलेली असतात. डावीकडे लावली की पट्ट्याचा फास आणि बटण दोन्ही उलट्या बाजूला येतात. कायडेक्सच्या दोन्ही कडांना रिव्हेटची ओळ ठेवली की क्लिप या बाजूला लावा नाहीतर त्या, उभी लावा नाहीतर आडवी. दोन स्क्रूंचं काम.

मग सरळ कायडेक्सच वापर ना, असं कोणीही म्हणेल. मी एक मोसम वापरून बघितलं. पहिल्याच पहाटे दाजींनी तीनदा मागे वळून बघितलं. कडक म्यान रायफलच्या पट्ट्याच्या बकलावर आपटतं, फांदीवर खरवडतं, आणि बसताना खोडाला लागलं की रिकाम्या डब्यासारखं वाजतं. वर ती पावतीची टक. घरी गोड वाटणारा आवाज पहाटेच्या शांततेत टाळी वाजवल्यासारखा येतो, आणि हरणाचे कान आपल्यासारखे नसतात. शिवाय गाडीत दोन तास बसलं की ते बरगडीखाली रुततं. चामडं अंगासरशी वळतं, हे त्या दिवशी नीट कळलं. बारीक वाळूचा कण आत गेला की पात्यावर लांब ओरखडे उठतात. ते मला चालतात, सुरी देव्हाऱ्यात ठेवायची नाहीये. उन्हात गाडीच्या काचेमागे राहिलं तर पकड सैल पडू शकते. कडाक्याच्या थंडीत खडकावर आपटलं तर तडकू शकतं. थंडीचा विषय निघालाच आहे तर, भिजलेलं चामडंही गोठतं आणि सुरी आतच धरून ठेवतं, त्यामुळे त्या बाबतीत कोणी कोणाला हसायला नको.

चामडं शिवताना एक गोष्ट मात्र कंटाळा न करता करायची. धारेच्या बाजूला दोन पदरांच्या मध्ये चामड्याची एक पट्टी घालायची, वेल्ट म्हणतात तिला. ती नसेल तर धार सरळ दोऱ्यावर येते, आणि दर वेळी सुरी आत-बाहेर करताना एकेक टाका कापला जातो. बाजारातली कितीतरी देखणी म्यानं मी आतून बघितली आहेत. पट्टी आहे, पण कागदासारखी पातळ. बोट घालून बघा, धारेच्या कडेला चामड्याची भिंत लागली पाहिजे. दुसरं म्हणजे शिवण. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, दोन्ही एकाच भोकातून समोरासमोर निघतात. यातला एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशीनच्या शिवणीचा एक तुटला की बाकीच्यांनाही निघून जायची घाई होते. भोकं आरीनं पाडायची, दोरा मेणातून ओढायचा, आणि प्रत्येक टाका दोन्ही हातांनी सारखा आवळायचा. तासभर हे केलं की करंगळीच्या बाजूला दोरा कापल्याचा लाल वळ उठतो, दोन दिवस राहतो.

पितळी रिव्हेट मी आता लावत नाही. चामड्यातल्या स्निग्धाशी पितळातल्या तांब्याची गाठ पडली की हिरवा मेणचट थर जमतो; कळकतं म्हणतो ना आपण, तेच. तो थर पात्याला लागला तर डाग.

मुठीवरून जाणारा बटणाचा पट्टाही मी सोडून दिला. घाईत उपसताना धार हमखास त्याच पट्ट्यावरून जाते. माझ्या ओळखीतल्या प्रत्येक जुन्या म्यानाचा पट्टा अर्धा कापलेला आहे. फिनलंडच्या पुक्को सुरीचं म्यान बघा. पट्टा नाही, बटण नाही. म्यान खोल असतं, मुठीचा बराचसा भाग गिळतं, आणि चामड्याच्या नुसत्या मिठीवर सुरी राहते. माझं दुसरं चामड्याचं म्यान त्याच धाटणीचं आहे.

आणि चामडं हेच काय ते अस्सल, प्लास्टिक म्हणजे भ्रष्टाचार, असं ऐकवणारे भेटतात त्यांच्यासाठी एक. १९९१ मध्ये ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर आल्प्सच्या बर्फात जो पाच हजार वर्षांहून जुना माणूस सापडला, ओत्झी, त्याच्याजवळ गारगोटीच्या पात्याची आणि ॲश झाडाच्या लाकडी मुठीची एक छोटी सुरी होती. तिचं म्यान लिंडन झाडाच्या अंतर्सालीच्या दोऱ्यांचं, विणलेलं. कपडे कातड्याचे घालणारा माणूस, चामड्याची त्याला काय कमी? तरी म्यान विणलं सालीचं. का, ते तोच जाणे. पण जे कामाला येईल ते घ्यावं, एवढी समज त्यालाही होती असं मी धरून चालतो.

तर दोन म्यानांचं गणित असं. पहाटे निघताना सुरी चामड्याच्या म्यानात, डाव्या कमरेला. चालताना, बसताना, गाडीत, सगळीकडे ती मुकाट असते. जनावर पडलं की पहिलं काम: चामड्याचं म्यान पट्ट्यातून काढून झिपच्या पिशवीत, पिशवी पाठपिशवीच्या तळाशी. कायडेक्सची क्लिप पट्ट्यावर. तिथून पुढे कितीही टक टक झाली तरी ऐकणारं कोणी उरलेलं नसतं. रक्तानं भरलेली सुरी हवी तितक्या वेळा आत घालायची. घरी आल्यावर सुरी आणि कायडेक्सचं म्यान, दोन्ही नळाखाली. चामड्याच्या म्यानाला गेल्या चार वर्षांत ओली सुरी लागलेली नाही. आणि घरात सुरी दोन्हीपैकी कशातच राहत नाही. तेलाचा हात फिरवून लाकडी खणात उघडी पडून असते. म्यान हे प्रवासाचं सामान आहे, कपाट नव्हे.

दाजींना हे पटत नव्हतं. त्यांची सुरी स्टेनलेसची, म्यान चामड्याचं, तयार घेतलेलं, आणि "माझं दहा वर्षं चाललंय" हा त्यांचा मुद्दा. मागच्या महिन्यात ते म्यान घेऊन आले. "मेव्हणे, याला जरा वास येतोय, बघता का?"

मी रापीनं कडेचे टाके उसवले आणि दोन पदर अलगद सोडवले. आतून चामडं काळं, चकचकीत, डांबर फासल्यासारखं. वेल्ट पातळ, तिच्या कडेला बुरशीची राखाडी रेघ, आणि टोकाशी, जिथे ब्रश कधीच पोचला नसता, तिथे केसांचा आणि वाळलेल्या चरबीचा बोराएवढा गोळा घट्ट दाबून बसलेला. दाजींनी तो सुईनं उलटापालटा करून बघितला. दोन प्रकारचे केस होते, आखूड पिंगट आणि लांब काळे राठ. "हे डुकराचं," ते म्हणाले, "म्हणजे तीन वर्षांपूर्वीचं." मग जरा वेळ काही बोलले नाहीत.

जाताना म्हणाले, "नवीन शिवून द्या. पण चामड्याचंच हां."

चामडं कापून भिजत घातलं आहे, वेल्ट दुप्पट जाडीची घेतली आहे. सुरीचा आकार कागदावर उतरवताना त्याच मापाचा कायडेक्सचा एक तुकडाही कापून ठेवला. ते अजून त्यांना सांगितलेलं नाही.